दाबून धरायचं बटण

फोनवरचा आवाज ऐकला आणि वायरमनच्या हातातली पक्कड हवेतच राहिली.

"प्रोजेक्टरचा पडदा बसवायचाय. मोटरवाला. पडदा मी आणलाय, बसवणारा माणूस हवाय. डोकं असलेला, शक्यतो."

ते 'शक्यतो' त्याने सव्वीस वर्षांनी ऐकलं. ओळखायला अर्धा सेकंदही लागला नाही.

या वायरमनला सगळे ओहम म्हणत. बाजारात, गल्लीत, अगदी सासरीसुद्धा. नव्या माणसाला वाटायचं, विजेचं काम करतो म्हणून कौतुकाने पडलेलं नाव असेल. तसं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांनी त्याला ओहमचा नियम सांगायला उभं केलं होतं. तेव्हा तो बोलताना अडखळायचा, आणि त्या दिवशी पहिल्याच 'ओ'वर अडकला. सरांनी खडू ठेवला, हाताची घडी घातली आणि वर्गाला म्हणाले, "थांबा, घाई करू नका. करंट येतोय." साठ पोरं हसली. त्या दिवसापासून सरांचा तास त्याच्यापासूनच सुरू व्हायचा. "ओहम, उभा राहा. बघू आज तरी वाहतोस का." वाक्य पूर्ण होईपर्यंत बसायचं नाही, असा नियम होता. कधी दहा मिनिटं, कधी अख्खा तास तो उभाच असायचा. प्रयोगशाळेत त्याच्याइतकी स्वच्छ जोडणी कुणाची नसायची, पण ते विचारतंय कोण. दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूसारखं उभं राहून झाल्यावर दुसऱ्या सहामाहीला त्याने कॉलेज सोडलं आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसायला लागला. धंद्यात पुढे बरं झालं. अडखळणंही जवळजवळ गेलं. नाव तेवढं राहिलं, कारण वर्गातला एक जण त्याच्याच गल्लीत राहायचा.

"येतो उद्या," ओहम म्हणाला. एका दमात.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्यांमधली भिंत काढून लांबलचक हॉल केलेला. एका टोकाला टेबल, त्यामागे भिंतभर पांढरा फळा. दुसऱ्या टोकाला बाहेरचं दार. भिंतीला टेकवून घडीच्या चौदा खुर्च्या. सर बहात्तर वर्षांचे, पण पाठ पट्टीसारखी सरळ. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी ओहमला खालून वर पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. ओळखलं नव्हतं.

"दर शनिवारी सकाळी दहाला इथे माझं व्याख्यान असतं," सर म्हणाले. "आसपासची निवृत्त मंडळी येतात. आयुष्यभर पगार घेतला, आता जग कसं चालतं ते कळावं म्हणतात. आजवर चित्रं भिंतीवर दाखवत होतो. आता नीट करायचंय. पडदा फळ्याच्या पुढे उतरला पाहिजे. चित्र दाखवायचं असेल तेव्हा खाली, फळ्यावर लिहायचं असेल तेव्हा वर. एका तासात सहा-सात वेळा तरी वरखाली होईल."

ओहमने छताच्या तुळईला हुक मारले, पडद्याची लांब नळी चढवली, मोटरची वायर ओढून घेतली. सर खुर्चीत बसून पाहत होते आणि मधूनमधून प्रश्न टाकत होते. वर जायची आणि खाली यायची वायर एकाच वेळी चालू झाली तर काय होईल? मोटर जळेल. का जळेल? ओहम उत्तरं देत होता, आणि प्रत्येक उत्तरागणिक त्याच्या मानेवरून घामाची धार खाली जात होती.

आतून सरांच्या पत्नी, काकू, पाण्याचा ट्रे घेऊन आल्या. ट्रे त्यांनी धरलेला नव्हता, दोन्ही तळव्यांवर तोललेला होता आणि अंगठे हवेत होते. अंगठ्याच्या बुडाचे सांधे सुपारीएवढे सुजलेले. ओहमने ते पाहिलं. पेला उचलला, पाणी प्यायला आणि पेला परत ठेवला.

"आता बटणाचं काय करायचं?" सरांनी विचारलं.

ओहमने पिशवी उघडून टेबलावर मांडामांड केली. "तीन तऱ्हा आहेत, सर. हा रिमोट. बसल्या जागी दाबायचा, पडदा आपसूक उतरतो आणि खाली गेला की थांबतो. हे दुसरं भिंतीवरचं. एकदा दाबून सोडलं की पडदा पूर्ण उतरेपर्यंत चालत राहतो. आणि हे तिसरं. हे दाबून धरायचं. बोट उचललं की पडदा तिथल्या तिथे थांबतो."

"आणि पूर्ण उतरायला वेळ किती?"

"पंचेचाळीस सेकंद."

"रिमोटच बरा ना मग?" काकू दारातून म्हणाल्या.

"तू आत बघ," सर मान न वळवता म्हणाले.

ओहमच्या डोक्यात ते नेमकं तेव्हा आलं. त्याला दिसलं: खुर्च्यांत माणसं बसली आहेत आणि सर टेबल सोडून, त्या सगळ्यांच्या मधून वाट काढत मागच्या भिंतीपाशी जाताहेत. भिंतीकडे तोंड, माणसांकडे पाठ, अंगठा बटणावर. पंचेचाळीस सेकंद, मुकाट्याने. मग परत येऊन दोन वाक्यं बोलायची आणि पुन्हा तीच वारी. एका तासात सहा-सात वेळा. सगळे बघताहेत, वाट बघताहेत.

"रिमोटचं काय आहे, सर," तो म्हणाला, "सेल उतरतात. कधी लागतो, कधी नाही. लोकांसमोर तीनतीनदा दाबत बसायचं म्हणजे हसं होतं. दुसऱ्या प्रकारात ताबा आपल्याकडे राहत नाही. एकदा दाबलं की मोटर तिच्या मर्जीने चालणार. तुमच्यासारख्या माणसाला तिसरंच बरं. हवा तिथे पडदा थांबवता येतो. अर्धं चित्र, अर्धा फळा. पूर्ण नियंत्रण."

'नियंत्रण' हा शब्द सरांना आवडेल हे त्याला माहीत होतं. सरांनी भुवई वर केली. "डोकं आहे तुला," ते म्हणाले. "हेच बसव. कुठे बसवणार?"

"मागे, बाहेरच्या दाराशेजारी. वायरची पट्टी तिथूनच येते."

टेबलामागेही पट्टी होती. सरांच्या ते लक्षात आलं नाही.

पिशवीत त्या तऱ्हेची दोन बटणं होती. एक घरगुती, हलक्या स्प्रिंगचं. दुसरं कारखान्याच्या शटरसाठी असतं तसं, स्प्रिंग अशी कडक की ओहमचा रापलेला अंगठाही दहा-बारा सेकंदांत भरून यायचा. त्याने दुसरं काढलं.

काम संपलं तशी सरांनी हाक मारली. "अगं, इकडे ये."

काकू आल्या.

"हे बटण तुझं. मी 'खाली' म्हटलं की हे दाबायचं, 'वर' म्हटलं की ते. मी 'थांब' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. जमेल?"

ओहम स्टुलावरून उतरत होता, एक पाय खाली, एक वर. तो तसाच थांबला.

काकूंनी अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला. मोटर घरघरली. पडदा सरकायला लागला. विसाव्या सेकंदाला त्यांचा खालचा ओठ दातांखाली गेला. तिसाव्या सेकंदाला त्यांनी दुसरा हात मनगटाखाली लावला. पडदा पूर्ण उतरला तेव्हा सर म्हणाले, "थांब. अंग टाकून देऊ नकोस दाबताना. कपडे पिळत नाहीयेस."

बटण बदलायला दहा मिनिटं लागली असती. रिमोट टेबलावर पडला होता. 'सर, हे काकूंना झेपणार नाही' एवढंच म्हणायचं होतं. ओहमने तोंड उघडलंही. तेवढ्यात सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शाब्बास. कित्येक वर्षांनी कुणीतरी धड काम केलेलं पाहिलं."

त्या तोंडून शाब्बास. सव्वीस वर्षांपूर्वी या एका शब्दासाठी त्याने रात्ररात्र नियम पाठ केले होते. तो शब्द त्याच्या अंगभर पसरला आणि बाकी सगळं बुडालं. त्याने पिशवी आवरली आणि तो गेला.

तीन महिन्यांनी फोन आला. "तुझं बटण मधेच सोडतंय. पडदा अर्ध्यात अडकतो. शनिवारी दहाला ये, लोकांसमोरच दाखव काय ते."

ओहम गेला तेव्हा व्याख्यान सुरू झालं होतं. दहा-अकरा माणसं होती. सर विजेबद्दल बोलत होते आणि, खरं सांगायचं तर, सुंदर बोलत होते. ढगात काय होतं, वीज जमिनीपर्यंतची वाट कशी शोधते, हे ऐकताना ओहमसुद्धा दारात पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. हा माणूस एवढं छान शिकवतो हे त्याला कॉलेजात कधी कळलंच नव्हतं. तिथे तो फक्त घड्याळ बघत उभा असायचा.

"खाली," सर म्हणाले.

काकू भिंतीपाशी उभ्या होत्या. उजव्या अंगठ्याला पट्टी गुंडाळलेली. त्यांनी डाव्या अंगठ्याने दाबलं. पडदा हातभर उतरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबला. त्यांनी मूठ वळवून बोटाच्या पेराने दाबून पाहिलं, पेर निसटलं. विजेचं चित्र पडलं होतं, अर्धं पडद्यावर, अर्धं सरांच्या शर्टवर.

"आले आमचे तंत्रज्ञ," सर म्हणाले. "बघ रे, काय झालंय."

ओहमने बटण दाबून धरलं. पडदा सरळ खाली आला. "बटण ठीक आहे, सर."

"मग थांबतं का?"

"हात सुटतोय म्हणून."

"म्हणजे उपकरण उत्तम, चालवणारा नादुरुस्त." सर श्रोत्यांकडे वळले. "या भागाची वॉरंटी संपून बेचाळीस वर्षं झाली हो. बदलूनही मिळत नाही."

पुढच्या रांगेतले दोघे हसले. बाकीच्यांनी मांडीवरच्या वह्यांत बघितलं. दुसऱ्या रांगेत दातांच्या डॉक्टर बसल्या होत्या, साठीच्या, अजून दवाखाना चालवणाऱ्या, केस बारीक कापलेल्या. त्या उठल्या. "सर, त्यांचा अंगठा कधी बघितलात का तुम्ही? सांधा झिजून गेलाय तो. मी दाबते बटण, त्यांना बसू दे."

"डॉक्टरबाई, तुम्ही आपले दात बघा," सर हसून म्हणाले. "अंगठ्याला दात आले की सगळ्यांत आधी तुम्हालाच बोलावतो."

या वेळी हशा मोठा झाला. विनोद बरा होता. डॉक्टरबाईंनी पर्स उचलली आणि त्या ओहमच्या शेजारून दाराबाहेर गेल्या. काकूंनी त्यांच्यासाठी दार कोपराने उघडलं.

ओहमला वाटलं, आता बोलायलाच हवं. "सर, मी रि... रि..." शब्द घशात रुतला. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

सरांनी हाताची घडी घातली. चेहऱ्यावर जुनी, ओळखीची मजा आली. "थांबा," ते सगळ्यांना म्हणाले, "घाई करू नका. येतंय."

"रिमोट बसवून देतो," ओहम म्हणाला. कान पेटले होते. "फुकट. आत्ता. आणि सर, मी तुमचा विद्यार्थी. पहिलं वर्ष. तुम्ही मला ओहम म्हणायचात."

सरांनी त्याच्याकडे बारकाईने पाहिलं, एखादी जुनी काचपट्टी उजेडात धरून बघावी तसं. मग मान हलवली. "असशील. दर वर्षी एखादा ओहम असायचाच रे. एकदा तर एकाच वर्गात दोन होते. मग एकाला ओहम म्हटलं आणि दुसऱ्याला अर्धा ओहम." ते आठवून त्यांना पुन्हा हसू आलं. "तू कुठला?"

ओहमने पिशवीतून रिमोट काढला.

"रिमोट नको," सर म्हणाले. "बटण तू चांगलंच निवडलंयस. माणूस उभा असला की त्याचं लक्ष राहतं. अगं, वर."

काकूंनी वरचं बटण दाबलं.

बुधवारी संध्याकाळी सर फिरायला गेले आहेत हे बघून ओहम रिमोट घेऊन वर गेला. काकूंनी दोन तळव्यांत कडी धरून दार उघडलं.

"सर नाहीत घरी."

"माहीत आहे, काकू. तुमच्याशीच बोलायचंय." तो चौकटीतच उभा राहिला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, ती एकापाठोपाठ एक सोडून दिली. कॉलेजचं सांगितलं. उभं राहण्याचं सांगितलं. मग म्हणाला, "ते बटण मी मुद्दाम दिलं. टेबलापाशी बसवता आलं असतं, मागे बसवलं. मऊ बटणही होतं पिशवीत. सरांना लोकांसमोर ताटकळत दाबत बसायला लागावं, म्हणून."

"कडक आहे ना ते?" काकू म्हणाल्या. "मला वाटलंच. घरातल्या कुठल्या बटणाला एवढा जोर लागत नाही." त्या हसल्या. त्या हसण्यात गंमत अजिबात नव्हती. "त्यांना दाबायला लागावं म्हणून? तुम्ही त्यांच्या वर्गात बसलात ना? त्यांना स्वतः फळा पुसताना कधी पाहिलंत?"

ओहमने आठवून पाहिलं. कधीच नाही. पुसायला कुणीतरी असायचंच.

"आणि मी पाणी आणलं तेव्हा तुम्ही माझे हात बघितले होते," काकू म्हणाल्या. "पेल्याच्या आधी अंगठ्यांकडे बघितलंत. मला लक्षात आहे. तुमचं आणि ह्यांचं जे काय होतं ते तुम्ही दोघांनी बघून घ्यायचं होतं. त्यात माझा हात कशाला घातलात?"

त्याने रिमोट पुढे केला. "पाच मिनिटांत बसवतो. मग तुम्हाला काही..."

"नको."

"काकू, दर शनिवारी..."

"पहिल्या शनिवारी चौदा जण होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरबाई गेल्या, आता नऊ आहेत. ह्यांना वाटतं, विषय अवघड होतात म्हणून माणसं गळताहेत. म्हणून विषय सोपे करताहेत. येत्या शनिवारी काय, तर सावली म्हणजे काय. ज्या माणसाने कधी कुणाला सोपं करून सांगितलं नाही तो पोराटोरांसारखी चित्रं काढत बसतो रात्री. मी काही बोलत नाही. पट्टी बांधते, भिंतीपाशी उभी राहते, बटण दाबते. त्यांचं तोंड माझ्याकडे असतं, पण ते माझ्याकडे बघत नाहीत. बाकीचे बघतात."

"पण तुमचा हात?"

"हात गेल्यातच जमा आहे. निदान कशाला तरी उपयोगी पडू दे." त्यांनी दार लोटायला घेतलं. "ते येतील आता. तुमचा तो रिमोट घेऊन जा."

ओहम घरी आला. बायकोने विचारलं, बसवलास का? तो म्हणाला, सेल नव्हते.

पुढे दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या वायरिंगसाठी त्यालाच बोलावलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आमच्यातले जवळपास सगळेच सुटले हो. सांगायचं धाडस कुणालाच नाही. कुणी म्हणतं गुडघे दुखतात, कुणी म्हणतं नातवाला शाळेतून आणायचं असतं. सर फोन करतात एकेकाला. परवा मला म्हणाले, डॉक्टरबाई, माझं काय चुकतंय? आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेल कुणाला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तुमचे विषय फार सोपे झालेत, असं सांगितलं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हातातला आरसा पुसायला लागल्या.

पावणेदोन महिन्यांनी, एका शुक्रवारी, सरांचाच फोन आला. आवाज तोच, पण वाक्यं तुटक. बायकोच्या अंगठ्याचं ऑपरेशन ठरलंय, ती बहिणीकडे गेली आहे. उद्या पडदा चालवायला कुणी नाही. तू ये.

ओहम गेला. चौदाही खुर्च्या उघडून ओळीत मांडलेल्या होत्या. ओळी वाकड्या होत्या. सरांनी स्वतः मांडल्या असाव्यात. दहा वाजले. सव्वादहा झाले. जिन्यात दोनदा पावलं वाजली आणि दोन्ही वेळा वरच्या मजल्यावर गेली. सर दोन्ही वेळा शर्टाची कॉलर नीट करून दाराकडे बघत राहिले.

"लोकांना वेळेची किंमत नाही," ते शेवटी म्हणाले. "आपण सुरू करू. ते येतील मागून. बटणापाशी उभा राहा."

ओहम दुसऱ्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसला. पिशवी पायाशी ठेवली.

"अरे, तिथे नाही. बटणापाशी."

"मी ऐकायला आलोय, सर."

सरांना आधी ते समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग आला आणि मग, रागाच्या मागून, हिशोब. खोलीत श्रोता एकच होता. तोही गेला तर खोली रिकामी. ते टेबलामागून बाहेर आले आणि वाकड्या खुर्च्यांना वळसे घेत मागच्या भिंतीपाशी गेले. ओहम खुर्चीत वळून बसला, नीट दिसावं म्हणून.

सरांनी अंगठा टेकवला. पडदा उतरायला लागला. पंधरा सेकंदांत अंगठा घसरला. मोटर थांबली. त्यांनी दुसरा अंगठा लावला, मग एकावर एक दोन्ही. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटत गेला.

"कडक आहे रे हे," ते भिंतीकडे बघूनच म्हणाले.

"हो, सर. कडकच आहे. सवय होईल."

पडदा उतरला. सर टेबलापाशी गेले. दिवा चालू राहिला होता. तो बंद करायला पुन्हा मागे आले. मग इंद्रधनुष्याबद्दल बोलायला लागले. चांगलं बोलायचा प्रयत्न करत होते, पण वाक्याच्या मधेच त्यांची नजर दाराकडे जायची आणि वाक्य तिथेच राहायचं. पाच मिनिटांनी फळ्यावर आकृती काढायची वेळ आली. ते मागे गेले, पडदा वर केला, पुढे आले, आकृती काढली, मागे गेले. तिसऱ्या खेपेला ते बटणापाशीच्या खुर्चीत बसले. श्वास लागला होता. तळहातावर अंगठा चोळत ते खालच्या आवाजात म्हणाले, "ओहम, जरा तू..."

इतक्या मऊ आवाजात ते नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

ओहम उठला, पिशवी खांद्याला लावली आणि त्यांच्या शेजारून दाराबाहेर पडला. चित्र तसंच चालू होतं, पडदा अर्ध्यावर. जिना उतरताना त्याला वरून मोटरची घरघर ऐकू आली. सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. पहिल्या मजल्यावर तो थांबून ऐकत राहिला. त्याला मजा आली. हे त्याने नंतर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, पण मजा आली होती, आणि तिसऱ्यांदा मोटर थांबल्यावर ती पुन्हा सुरू व्हायची त्याने वाट पाहिली होती. ती झाली नाही.

त्यानंतर शनिवारची व्याख्यानं बंद पडली.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. पडदा काढून न्या म्हणाल्या, हॉलमध्ये अडचण होते. ओहम गेला तेव्हा खुर्च्या नव्हत्या, टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि फळा कोरा होता. काकूंच्या उजव्या हाताला कडक पट्टा होता. त्याने स्टूल लावलं, वायर सोडवली, नळी हुकातून उतरवली. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथून हाक आली.

"अगं, कोण आलंय?"

काकू हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मान किंचित हलली होती. त्या बोलल्या नाहीत.

"अगं, कोण आहे? माझ्याकडे आलंय का कुणी?"

ओहमने त्यांच्याकडे पाहिलं.

"हाका मारू देत," काकू म्हणाल्या. "थकले की थांबतात."

आतून आणखी दोनदा हाक आली. दुसरी पहिलीपेक्षा लहान होती.

ओहमने नळी कागदात गुंडाळली, दोरी बांधली. बांधून झाल्यावर काही करण्यासारखं उरलं नाही तेव्हा त्याने विचारलं, "हात कसा आहे, काकू?"

"सांधा जखडून टाकला. वर्षभर आधी आला असतात तर एवढं करावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आता दुखणार नाही, पण वळणारही नाही." त्यांनी हात वर करून दाखवला. अंगठा पट्ट्यातून खुंटीसारखा बाहेर आलेला होता. "भाकरी थापायला नको, एवढाच फायदा."

"काकू, मी खरंच..."

"नका म्हणू," काकू म्हणाल्या. आवाज शांत होता, बाजारात भाव विचारावा तितका. "तुम्ही म्हणालात की तुम्हाला बरं वाटेल. मला ते नकोय. आणि यापुढे या घरात काही बिघडलं तर मी दुसरा माणूस बोलावणार आहे. तुम्हाला फोन केला आणि तुमचा नंबर खोडला. आज बोलावलं ते तुम्हीच लावला होतात म्हणून."

ओहमने नळी खांद्यावर घेतली. ती त्याच्यापेक्षा लांब होती. दारातून काढताना तिरकी करावी लागली. काकूंनी दार पायाने धरून ठेवलं, आणि तो बाहेर पडताच सोडून दिलं. जिन्याच्या वळणावर नळीचं टोक भिंतीला लागलं, तशी ती खाली ठेवून त्याने नीट धरायचा प्रयत्न केला. बंद दारामागे म्हाताऱ्याने पुन्हा विचारायला सुरुवात केली होती, कोण आलं होतं, कोण आलं होतं. ओहमने एक टोक काखेत दाबलं आणि एकेक पायरी चाचपत तो खाली उतरला.